अक्काची वीत

दोन वस्तूंमध्ये किती जागा सोडावी, हे आमच्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात कुणाला कळत नाही, हे मी छातीठोक सांगतो. माझ्याच लग्नात फोटोसाठी उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना त्यांनी हात-हात अंतरावर सारलं आणि निम्मे नातेवाईक फोटोबाहेर गेले. मावल्याला आमच्या गावी आले की चपला काढायच्या आधी कुंड्या सरकवतात. "दाटीनं लावलं की ताट नुसतं उंच जाते, कणसात दाणा भरत नाई," हे त्यांचं वाक्य मी मक्याबद्दल, पंगतीबद्दल आणि एकदा तर बसमधल्या सीटांबद्दलही ऐकलंय.

त्यांचा मका मात्र खरंच बघत राहावा असा. दोन ओळी जवळ, मग ऐसपैस मोकळी जागा, पुन्हा दोन ओळी. साडू दोरी ताणत पुढे, आणि मागून त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, वीत टाकत एकेक दाणा मातीत टोकत येई. दोन रोपांत अक्काची एक वीत. दुसरं माप त्यांना मंजूरच नव्हतं. शेतीखात्याचे साहेब टेप घेऊन आले, तर त्यांना म्हणाले, "ठेवा तो खिशात. इची वीत कदी चुकत नाई." फक्त गेल्या हंगामात बांधाकडच्या चार ओळींत कणसं बोटाएवढी आली, तेव्हा भर शेतात तिच्यावर ओरडले, "काऊन केली दाटी तुनं?" अक्का नुसती हसली. दिवाळीनंतर ती गेली.

उन्हाळ्यात साऱ्या गावाची नांगरणी झाली, यांच्या शेतात मक्याची धसकटं तशीच. आणि हा गृहस्थ गावभर बायकांच्या विती मोजत हिंडतोय! माझ्या बायकोची अर्धं बोट कमी भरली, तर चिडून म्हणाले, "सख्खी बहीण ना तू?" ती बिचारी रडायलाच लागली. शेवटी मला शेतात नेलं. "धरा दोरी." धसकटापासून धसकटापर्यंत माप घेत ते दोरीला गाठी मारत निघाले. सगळ्या गाठी अगदी सारख्या. बांधाकडच्या ओळींत शिरलो, तशा त्या जवळ जवळ येऊ लागल्या. साडू थांबले आणि तिथेच मातीत बसले.

"हात उघडतच नसन तिचा," म्हणाले. "पेरणीपासूनच दुखून राह्यला असन. मी आपला पुढं पाहून चालून राह्यलो होतो. वरून ओरडलो बी." मी दोरीचं टोक धरून उभा राहिलो.

यंदा मका त्याच दोरीनं लागला. परवा जाऊन आलो. सगळं शेत मोकळंढाकळं, आणि बांधाकडच्या चार ओळींत दाटी, बरोबर तिनं केली होती तेवढीच. न राहवून मी म्हणालो, "साडूभाऊ, इथं कणसं बारीक येतील हो."

"येऊ द्या," गवत उपटता उपटता ते म्हणाले. "यंदा मी काई बोलनार नाई तिले."