नऊ बैलांची शोकेस

बाळांनो, तुमच्या बैलांसाठी आम्ही घरीच शोकेस केली आहे. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण तिच्यापायी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळावी.

तान्हा पोळा तुम्हाला आठवत असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि घरोघरी त्यांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो. पहिली तीन वर्षं तुम्हीही आपल्या गल्लीतून बैल ओढलेत. मग तुम्ही परदेशी गेलात. तरी मी दर वर्षी एक बैल घेत राहिले, त्याला बेगड लावून फोटो पाठवत राहिले. गेल्या पोळ्याला थोरली फोनवर म्हणाली, "आजी, आता बैल नको घेऊस. मी मोठी झाले."

तिचं बरोबरच होतं. नऊ बैल काचेत नीट लावून टाकायचे आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं.

मापं मी घेतली. प्रत्येक बैलाची लांबी, शिंगांसकट उंची, सगळं वहीत. आजोबांनी मागच्या खोलीतली जुनी सागवानी खिडकी काढली. तिच्या तावदानांचं दार झालं, उरलेल्या लाकडाच्या फळ्या. तीन खण, प्रत्येकात तीन बैल, दहाव्याला जागा नाही. पाठीवरची रंगवलेली झूल समोरून दिसावी म्हणून फळ्या पुढे किंचित उतरत्या ठेवा, असंही मीच सांगितलं.

"अगं, चाकं आहेत त्यांना," आजोबा म्हणाले.

"काच अडवेल की."

काच लावायच्या आधीच मी घाईने बैल मांडले. मधल्या खणातले दोन घरंगळत आले आणि थेट जमिनीवर. आजोबा पोट धरून हसले. "पांगला तुझा कळप!"

"मग चाकं स्क्रूने पक्की करू."

त्यांचं हसू गेलं. "चाकं पक्की केल्यावर ओढायचं काय?"

"ओढणार कोण आहे आता?"

ते खाली पडलेला भुसा गोळा करत बसले.

दुपारी ते झोपल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पहिल्या वर्षीचा लाल बैल, एका कानाचा, तोच आधी हाताला लागला. चाकातून फळीत स्क्रू बसवायला बराच वेळ गेला. मग बोटाने ढकलून पाहिलं. हलला नाही. मला हवं होतं तेच झालं होतं, पण दुसऱ्या बैलाला हात लावायचं धैर्य होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभुळगावचे सुतार आले. हे सगळे बैल त्यांच्याच हातचे. आजोबांनी त्यांना काच बसवायला बोलावलं होतं. त्यांची नजर आधी स्क्रूवर गेली.

"बाई, हे काहून केलं?"

"घरंगळतात हो."

"मंग पुढं बोटभर पट्टी मारा न. बैल अडते तिथं. स्क्रू कायले? उद्या पोट्टे आले तं?"

"पोट्टे मोठे झाले आता."

"मोठे झाले तं काय झालं? माह्या पोरीले पोरगी झाली, तरी आपल्या बैलाले ती कोणाले हात लावू देत नाही."

आजोबा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्क्रू माझा मीच काढला. चाकाला पडलेलं भोक आजोबांनी सरस आणि भुसा कालवून बुजवलं. मग तिन्ही खणांना पट्ट्या मारल्या, काच लावली. दाराला कुलूप नाही, एक साधा आकडा आहे आणि तो धाकट्याच्या हाताला येईल इतका खाली.

थोरले, तू मोठी झालीस हे मला मान्य आहे. तू म्हणेपर्यंत नवा बैल घेणार नाही. पण या नऊ जणांची चाकं मोकळी आहेत, सगळ्यांच्या दोऱ्याही मी नव्या बांधल्या आहेत. लाल बैलाचं पुढचं डावं चाक मात्र आता थोडं अडखळतं. त्याला ओढशील तेव्हा सावकाश ओढ.