मॅडमची अट

"लिहून घेतलं का?" असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत तो खाली आणायच्या नाहीत. माझ्या मॅनेजरने मला बढतीचा शब्द दिला, ही बातमी मी मोठ्या उत्साहाने सांगितली तेव्हा पहिला प्रश्न हाच. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हाही हाच. यंदा ड्राइव्हवेवरचा बर्फ हेच शोव्हल करणार आहेत, असं माझ्या बायकोने त्यांना कौतुकाने सांगितलं, तर माझ्याकडे न बघता त्यांनी तिलाच विचारलं, "लिहून घेतलं का?" तिने घेतलं नव्हतं, आणि पुढे काय झालं ते सांगायला नको.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, आणि ती संशयी आहेत असं तुम्ही ठरवूनही टाकलं असेल. मीही ठरवलं होतं. पण मॅडमचा माणसांवर विश्वास होता, फक्त त्यांच्या आठवणीवर नव्हता. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं युरोपचा इतिहास शिकवला होता, आणि त्यातही जीव कशात, तर राजाला वेसण घालणाऱ्या माणसांमध्ये. देशाच्या घटनेची त्यांची प्रत पुस्तकांच्या कपाटात नसायची, उशाशी असायची. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, इथे ओंटॅरिओतल्या कनाटाला आल्या. प्रशांतचं घर आमच्यापासून तिसरं. तो माझ्यासारखाच टेलिकॉममधला, पण माझ्यापेक्षा कितीतरी शहाणा आणि मऊ स्वभावाचा.

दर शनिवारी सकाळी लायब्ररीतल्या एका खोलीत मॅडम वर्ग घ्यायच्या. विद्यार्थी सहा-सात, सगळे सत्तरीच्या पुढचे. एक पंजाबी अंकल मुख्यतः कॉफी आणि डोनटसाठी यायचे. मॅडमना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. आधी मी बाहेर गाडीत फोन बघत बसायचो, मग थंडी वाढली म्हणून आत बसायला लागलो, आणि मग थंडी संपली तरी बसत राहिलो. शाळेत इतिहासात मी काठावर पास झालेला माणूस.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं त्या फार रंगवून सांगायच्या. सकाळी उठल्यावर त्याला सदरा कुणी द्यायचा यावरून मोठमोठे सरदार कसे टपलेले असत, हे सांगताना स्वतःची शाल तळहातांवर घेऊन दाखवायच्या. मग इंग्लंड. एका राजाचं डोकं उडवलं, अकरा वर्षं राजाशिवाय काढली, आणि मग लोक इतके कंटाळले की त्याच्याच मुलाला घंटा वाजवून परत आणलं. त्या आनंदात अटी घालायच्या राहूनच गेल्या. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, त्या मुलामागून गादीवर आलेल्या भावाला पळवून लावावं लागलं, तेव्हा कुठे शहाणपण आलं. मग विल्यम आणि मेरी या नव्या राजा-राणीला समोर उभं करून आधी हक्कांचा कागद वाचून दाखवला आणि मगच मुकुट देऊ केला.

"मगर मॅडमजी," पंजाबी अंकल डोनट खाली ठेवून म्हणाले, "राजा अच्छा हो तो? फिर शर्त किस लिए?"

"अच्छे राजा से ही तो डर है, अंकलजी," मॅडम म्हणाल्या. "बुरे के सामने लोग खड़े हो जाते हैं. अच्छे के सामने शर्त बोलने में शरम आती है."

अंकलनी मान हलवली आणि डोनट परत उचलला. मी ते वाक्य फोनमध्ये टिपून ठेवलं. अजून आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मॅडम वर्गात मधेच थांबल्या. जो राजा तीस वर्षं शिकवला, त्याचं नाव येईना. दोन शनिवारांनी त्या पार्किंगमध्ये भलत्याच गाडीचं दार उघडायला बघत होत्या. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी प्रशांतला आणि त्यांना, दोघांनाही समोर बसवून सांगितलं. परत येताना रडला तो प्रशांत. मॅडमनी त्याला टिशू दिला.

मला त्यांनी गाडीत सांगितलं. "अहो इंजिनिअर, इंग्रजी माझी नोकरीची भाषा. ती आधी जाईल. शेवटी मराठीच उरेल, आणि तेव्हा आसपास ती कुणाला कळत नसेल तर मी करू काय?" मग पर्समधून रेघी कागद काढला. वर सुवाच्य मराठीत, खाली इंग्रजीत एकच अट होती. जिथे मराठी समजणारं निदान एक माणूस रोज भेटणार नाही, अशा जागी मला ठेवू नये. "यात पळवाट राहिली का बघा," त्या म्हणाल्या. मी लाल दिव्यापाशी दोनदा वाचलं. पळवाट नव्हती.

पुढच्या आठवड्यात प्रशांतचा फोन आला. "दादा, शनिवारी दुपारी फ्री आहात का? आईच्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर विटनेस म्हणून सही हवी होती. वहिनी पण चालतील. घरचं कुणी चालत नाही ना." आईला स्वतःचे निर्णय घेता येईनासे झाले की तिची काळजी कशी आणि कुठे घ्यायची हे तो ठरवणार, असा तो कागद. आपल्या अटी आणि बंधनं लिहायला त्यात वेगळी जागा सोडलेली असते.

आम्ही दोघं गेलो तेव्हा प्रशांत ड्रायरमधून मोजे काढत होता. ते गरम मोजे त्याने जमिनीवर गुडघे टेकून आईच्या पायात घातले, आणि तसाच बसून विचारलं, "आई, इथे तुला काही लिहायचंय का? तुझी काही इच्छा? मनात असेल ते सांग."

त्याने विचारलं होतं. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला दोष द्याल.

मॅडमचा हात पर्सच्या चेनवर होता. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग मोज्यांकडे. "नाही रे," त्या म्हणाल्या. "तुला काय वेगळं सांगायचं."

मला ठाऊक होतं कागद कुठे आहे. पण त्यांच्या घरातली गोष्ट, मायलेकांमधली, आपण कोण मध्ये पडणारे, असं मनात आलं. कोऱ्या जागेखाली मॅडमनी सही केली, मग मी, मग बायकोने. नंतर प्रशांतने सगळ्यांसाठी चहा केला.

पुढच्या शनिवारी मी विचारलंच. "मॅडम, ती अट?"

"त्याच्या तोंडाकडे बघून नाही हो जमलं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "इंग्लंडच्या लोकांनाही पहिल्या खेपेला असंच झालं असेल." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

वर्षभरात मॅडम खूप उतरल्या. दोनदा त्या कुणाला न सांगता बर्फात बाहेर पडल्या. त्याच सुमारास प्रशांतच्या बायकोला लंडनच्या इस्पितळात नोकरी मिळाली. आपल्या ओंटॅरिओतल्या लंडनला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या होत्या, सगळ्यांना सांगत होत्या की आयुष्यभर शिकवलेलं गाव आता बघणार. त्यांना खरं सांगायचं कुणालाच जमलं नाही. तिथे घरापासून दहा मिनिटांवरच्या एका केअर होममध्ये जागा मिळाली. खोलीत ऊन येतं, नर्स प्रेमळ आहेत, असं प्रशांत फोनवर सांगायचा. ते सगळं खरं होतं. तो रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथे जायचा आणि आईला भरवायचा. म्हणजे रोज मराठी ऐकू येत होतं. मी स्वतःलाच समजावलं की कागदावर नसली तरी अट पाळली जाते आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या मुलीला तिथली युनिव्हर्सिटी दाखवायला आम्ही लंडनला गेलो. प्रशांत कंपनीच्या कामासाठी दहा दिवस बाहेर होता, त्याची बायको डबल शिफ्ट करत होती. "दादा, जमलं तर आईला भेटाल का?" त्याचा मेसेज आला. रविवारी दुपारी मुलीला कॅम्पसवर सोडून मी गेलो.

दारातच नर्स म्हणाली की आठवडाभर त्या फार अस्वस्थ आहेत, सारखी मान खाजवतात, एकच काहीतरी पुटपुटत राहतात. डॉक्टरांना विचारून शांत राहायची एक गोळी वाढवली आहे. "डू यू नो व्हॉट शी सेज?"

मॅडम खिडकीजवळ खुर्चीत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी शेजारी बसून म्हणालो, "मॅडम, काय होतंय?"

त्या वळल्या आणि अगदी स्पष्ट, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मानेपाशी टोचतंय हो. केव्हाची सांगतेय."

सगळ्यांचे कपडे धुलाईत वेगळे ओळखावेत म्हणून तिथे कॉलरला नावाच्या पट्ट्या लावतात. मॅडमच्या नव्या स्वेटरवरची पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. तिच्या कडक टोकाने मानेवर बोटभर लाल ओरखडा उठला होता, काही ठिकाणी खपली धरली होती. मी नर्सकडून कात्री मागितली आणि पट्टी कापली. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं आणि मलम आणलं. तिच्यावर मी कसा चिडणार होतो? एक मराठी वाक्य तिला कळलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. मला तर त्यांची अट वर्षापूर्वीच कळली होती, आणि तरी मी कोऱ्या जागेखाली सही केली होती.

मलम लावल्यावर मॅडमनी मान खुर्चीला टेकवली. मी तासभर बसलो, जे सुचेल ते बोलत राहिलो. बर्फाचं बोललो, मुलीच्या ॲडमिशनचं, भाजी किती महागली त्याचं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्या गेल्या. मधे मला जायला जमलं नाही.

त्या दुपारी मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी डोळे न उघडता माझी बाही धरली. "तुम्ही उद्या आहात ना इथे?"

कनाटा तिथून साडेसहा तासांवर. सोमवारी सकाळी नऊला माझी मीटिंग होती, मुलगी कॅम्पसवर वाट बघत होती.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी बाही सोडली.