दांड्याची किंमत काय लावाल

विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी हिंदीत विचारलं, "मॅडम, गाडीत मॉडिफिकेशन काय केलंय? अलॉय व्हील्स, म्युझिक सिस्टिम, सनरूफ?"

"दांडा बसवलाय," मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "दांड्याला ऑप्शन नाहीये. म्युझिक सिस्टिममध्ये टाकू?"

दांडा म्हणजे माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असलेला लोखंडी दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. चार वर्षांपूर्वी माझी स्कूटर एका खड्ड्यात गेली आणि उजवा गुडघा कामातून गेला. तीन ऑपरेशनं झाली, वर्ष घरात गेलं. आता तो पाय वाकत नाही. फोटोत छान दिसतो, बाकी काही उपयोग नाही.

त्यानंतरचे अकरा महिने मी कॅबने फिरले. न वाकणारा पाय घेऊन कॅबमध्ये जायचं म्हणजे मागच्या सीटवर संस्थानिकासारखं आडवं पसरायचं, आणि मल्लेश्वरमच्या घरापासून व्हाइटफील्डच्या ऑफिसपर्यंत दोन तास ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसायचं. बरेच ड्रायव्हर गेटापाशी माझी काठी बघूनच ट्रिप रद्द करायचे. शेवटी शहराबाहेरच्या एका मेकॅनिकने माझ्या ऑटोमॅटिक गाडीत हा दांडा करून दिला. शिंप्यासारखं माझ्या हाताचं माप घेतलं, सीट उचलली, पेडलांवर झाकण बसवलं. आरटीओच्या खेपा घालून मी आरसीवर तशी नोंदही करून घेतली. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटी ऑफिसला गेले, त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी मनसोक्त रडले. मग वर जाऊन तीन मीटिंगा केल्या.

आता विमा कंपनीचं म्हणणं असं, की गाडी सहा वर्षांची, सबब घसारा वजा जाता किंमत अमुक. दांड्याची किंमत शून्य. म्हणजे उद्या गाडी चोरीला गेली किंवा कुणी लॉरीने चेपली, तर मला एका जुन्या गाडीचे पैसे मिळणार, आणि दांडा पुन्हा करून घ्यायला पदरचे एक लाख घालेपर्यंत मी परत संस्थानिक. मी फोनवर भांडले. पुण्याची असल्यामुळे भांडण मला जमतं. तेव्हा कुठे ठरलं, की शनिवारी इन्स्पेक्टर घरी येऊन गाडी बघतील आणि ते लिहितील त्याप्रमाणे किंमत लागेल.

मी बिलांची फाइल केली. गाडी धुतली. सगळी तयारी झाली, फक्त सासऱ्यांना घरात कोंडून ठेवायचं राहिलं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी सैन्याबरोबर इकडे आलेलं घराणं. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड, आणि स्वतःच्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणायचं नाही हा घराण्याचा बाणा. दृष्ट लागते ना! मुलगा बोर्डात आला तेव्हा अण्णांनी गल्लीत सांगितलं, "पास झाला." आमच्या लग्नात पाहुण्यांना माझी ओळख करून दिली ती अशी: "मुलगी पुण्याची आहे. पण ठीक आहे." मला आधी राग यायचा. मग कळलं, की ते स्वतःच्या तब्येतीबद्दलसुद्धा असंच बोलतात आणि एका बैठकीत सहा इडल्या खातात.

इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, हातात मोबाइल. चारी बाजूंनी फोटो काढले. मी दांड्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोच अण्णा पायरी उतरून आले.

"हळे डब्बा, सार," ते म्हणाले. जुना डबा. मग खिडकीतून दांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एनो ओंदु कोलु." काहीतरी एक काठी.

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मी डोळे वटारले. अण्णांना वाटलं, हेही कौतुकच वाटेल म्हणून मी घाबरले आहे. त्यांनी आणखी जोर लावला. रंग गेलाय, सीट उगाच उचललीय, आवाज येतो.

"ही विकायला काढली तर कोण घेणार?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही," अण्णा ठामपणे म्हणाले.

"बरोबर. म्हणजे दांड्याची बाजारात किंमत नाही." तेही लिहिलं गेलं.

"सर, कॉफी घ्याच," मी म्हटलं आणि अण्णांना डब्यातली साखर काढून द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"अण्णा, तुम्ही काय करताय कळतंय का? तो माणूस तुमचं सगळं खरं मानून लिहितोय."

"सरी, बरं, मग? चांगलं बोलू? परका माणूस गाडीजवळ उभा आहे."

"हो, चांगलं बोला. आज एक दिवस. गाडी गेली तर मला परत काही मिळणार नाही. परत कॅब, परत घरात बसणं. तुम्हाला तेच हवंय का?"

हे मी जरा जास्तच बोलले. अण्णांनी साखरेचा डबा ओट्यावर ठेवला. चष्मा काढला, लुंगीला पुसला, पुन्हा लावला.

"एकदा बोललो होतो ग," ते म्हणाले. "पार्कात. सगळे बसले होते. मी म्हटलं, आमची सून या ट्रॅफिकमध्ये स्कूटर चालवते तशी एकाला जमणार नाही. सगळ्यांच्या समोर. चौथ्या दिवशी तू पडलीस."

चार वर्षं हा माणूस हे घेऊन बसला होता. हॉस्पिटलात रोज रसम आणून देताना, माझ्या काठीला खाली रबर लावताना. मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

"अण्णा, मी खड्ड्यामुळे पडले. तो खड्डा तुम्ही बोलायच्या आधी दोन वर्षं तिथे होता."

"होता. पण दोन वर्षं तू त्यात पडली नव्हतीस."

पुण्यात जन्म घेऊनही मी वाद तिथेच सोडला आणि पेल्यात कॉफी ओतली.

कॉफीचा पेला घेऊन अण्णा आपणहून बाहेर गेले. मी दारात उभी राहिले. इन्स्पेक्टरांनी पहिला घोट घ्यायच्या आत अण्णा कन्नडमध्ये सुरू झाले, आणि आयुष्यभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

मघाशी बोललो ते खोटं, म्हणाले. रंग उत्तम आहे. आवाज येत नाही, मलाच कमी ऐकू येतं. या दांड्यावर ही दोन वर्षं रोज व्हाइटफील्डला जाऊन येते, गेटातून गाडी आत घेताना एकदाही घासली नाही. माझ्या मुलाने दोन पाय असून तीनदा घासली. ही वर्षभर घरात होती सार, तेव्हा घरात कोणाला नीट जेवण गेलं नाही. "विकायची किंमत विचारू नका. हिच्या हाताच्या मापाचा आहे, दुसऱ्याला कसा चालेल? परत करून घ्यायला काय पडेल ते विचारा आणि तेवढं लिहा."

इन्स्पेक्टरांनी वाकून दांडा पुढे-मागे करून पाहिला. मग मला म्हणाले, "बिलं आहेत?" मी फाइल दिली. त्यांनी मला गाडी चालवून दाखवायला सांगितली, स्वतः शेजारी बसले, आणि सिग्नलपर्यंत जाऊन आल्यावर आधीची ओळ खोडून दांडा, सीट आणि झाकण बिलाच्या पूर्ण किमतीला वेगळं लिहिलं. आठवड्याने कंपनीने ते मान्य केलं. हप्ता थोडा वाढला.

पण शनिवारच्या दुपारी ते गेल्यावर अण्णा गेटापाशीच उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. इतकं चांगलं ते जन्मात बोलले नव्हते, आणि तेही परक्यासमोर, उघड्यावर.

"ऐक ग," ते म्हणाले. "चार दिवस गाडी काढू नको. स्वल्प माझ्यासाठी."

माझा या असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. नवऱ्याला, मैत्रिणींना, खुद्द अण्णांना मी हे शंभरदा ऐकवलं आहे. तेच पुन्हा ऐकवायला तोंड उघडलं आणि बघितलं, तर ते गेटाला आतून कडी घालत होते.

रविवारी मी घरीच बसले. सोमवार, मंगळवार, बुधवार कॅबने गेले, मागच्या सीटवर आडवी पसरून. मंगळवारी एकाने काठी बघून ट्रिप रद्द केली, आणि अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून माझ्यासाठी दुसरी थांबवत राहिले.