पाचवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही कितपत जमेल कोण जाणे.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी इंटर सायन्सला, घर कल्याणला. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी विलायतेहून एक नवं खूळ आणलं होतं — पाच-पाच जणांचे गट करून एकमेकांना शिकवायचं. आमचा गट रविवारी सकाळी त्यांच्या ठाण्याच्या घरी बसे. नियम एकच. पाचही हात वर गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हात वर, म्हणजे समजलं.

गणूचा हात नेहमी शेवटी. ठाण्याजवळच्या बाळकुमचा, मिठागरात राबणाऱ्या बापाचा मुलगा. समजलं नसेल तर हात खालीच. मला त्याचा राग यायचा — हो, रागच.

त्या रविवारी घरी मटण होतं आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी गणूला शिकवत होतो — आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

"उलटं केला तर काय व्हतं रं? परत सांग ना."

तेवढ्यात सर आतून आले. बाकीचे तिघे वह्या आवरत होते. आणि मी — काय केलं मी? — गणूचं कोपर धरून हात वर उचलला. गारठलेला होता तो हात. मी सोडला, तरी खाली आला नाही. सर हसले, आम्ही सुटलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गणूने आम्लात पाणी ओतलं. दोन्ही डोळे गेले.

आपण हात वर केलाच नव्हता, असं गणू सांगत राहिला. सरांनी मला विचारलं. मी म्हणालो, "त्यानेच केला, सर." चूक त्याचीच ठरली, वर खोटारडेपणाही.

"माजा पोऱ्या खोटा नाय बोलाचा," बाप म्हणाला. कोण ऐकणार त्याचं?

पुढे मीही प्राध्यापक झालो, गट पाडले. "समजलं का?" विचारून हात मोजतो, तर एक जास्त भरतो. दरवेळी. पुन्हा मोजायचा धीर मला होत नाही.

एकदाच बाळकुमला गेलो, खरं सांगायला. गणू ओट्यावर एकटा बसला होता. मी तोंड उघडलंच नाही, चपला तेवढ्या वाजल्या असतील. त्याने मान वळवली नाही. सावकाश उजवा हात वर केला.

मी तसाच परत फिरलो. वळणावरून मागे पाहिलं, तेव्हाही तो हात वरच होता.