कंपनीचं गाऱ्हाणं

आमच्या मामांइतकं प्रेम त्या परदेशी टेलिफोन कंपनीवर खुद्द तिच्या मालकांनीही केलं नसेल. मुंबईत मामांनी तिच्या लाइनी तपासण्यात सारी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन मालवणजवळच्या आमच्या गावी आले, ते कंपनी सोबत घेऊनच. समोर बसलेल्या माणसालाही दर दोन वाक्यांनी "आवाज येता मां?" असं विचारायची सवय तिथलीच. कंपनीचा इतिहास ते घराण्याचा सांगावा तसा सांगत. आधी तारा, मग टेलिफोन, मग पेजर ("ता पोर लवकर गेला!"), मग मोबाईल. पुढे स्वस्त फोनांनी बाजार भरला, तेव्हा कंपनीने मोबाईलचा धंदा विकला आणि टॉवरवरची यंत्रं करायला घेतली. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "पोटचा पोर दुसऱ्याच्या घरात दिल्यान," म्हणाले.

त्यांचा कंपनीचा मोबाईल कायमचा बंद पडल्यावर त्यांनी पणच केला, परक्या कंपनीचा फोन हातात धरायचा नाही. मामींचा वाजला की पडवीतून ओरडायचे, "तुझो पावणो इलो गो!"

गावदेवीच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान मामांच्या घराण्याचा. देवीपुढे साऱ्या गावाचं मागणं त्यांनी खड्या आवाजात मांडायचं आणि लोकांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गुरंढोरं, शेती, चाकरमानी आटोपले की मामा मध्येच घुसवायचे, "सायबाच्या मुलखात जी कंपनी आसा, तिच्या धंद्याक बरकत येवंदे रे म्हाराजा!" लोक हसत हसत का होईना, त्यालाही होकार द्यायचे.

यंदा जत्रेच्या तोंडावर मामांचा पाय मोडला. पिढ्यांचा मान चुकणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुचवलं, मामींच्या फोनवरून घाला, मी देवळात माझा फोन स्पीकरवर लावून धरतो.

"त्या फोनावरसून?" मामा कडाडले.

मामी शांतपणे म्हणाल्या, "मगे मान जावंदे दुसऱ्याच्या घरात."

मामांनी मुकाट्याने हात पुढे केला.

देवळात मी माझा फोन उंच धरला. गुरं झाली, शेती झाली, कंपनीही झाली. मग मामा जरा अडखळले. "आणि ज्या कंपनीच्या फोनावरसून आज मी बोलतंय, तिचाय बरां होवंदे रे म्हाराजा!" एवढा मोठा "व्हय म्हाराजा!" त्या देवळाने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

लोक प्रसादाला पांगले. मी फोन बंद करणार, तोच त्यातून बारीक आवाज आला.

"रे, आवाज येता मां?"

या प्रश्नाला आम्ही जन्मभर हसलो होतो. आज मला हसू येईना.

"येता, मामा," मी म्हणालो. "सगळ्या गावाक येता."