भविष्यातले बैल

वैज्ञानिक कथा लिहिणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, हे सगळं सुचतं कसं? दुसरा, हे खरं होणार का? पहिल्याला मी काहीतरी ठोकून देतो. दुसऱ्याला नीट उत्तर द्यायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हा माझ्या खोलीपुढच्या कडुनिंबाला दोन बैल बांधलेले होते.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात पुढच्या शतकात राहत होतो. त्या वर्षी पुण्याच्या एका दिवाळी अंकात माझी कथा आली. शंभर वर्षांनंतर एका गावात सलग तीन वर्षं पाऊस पडत नाही. गावकरी टेकडीवर काचेची मोठी तावदानं उभी करतात, त्यावर पहाटेचं दव धरतात आणि त्या पाण्यावर तगतात. गावाला नाव दिलं नव्हतं, पण विहीर, चिंच, टेकडी, कंजूस पाटील सगळं उंद्रीचं होतं. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. दुसरं कुठलं गाव मी इतकं नीट पाहिलंच नव्हतं.

शंभर वर्षांचा उल्लेख फक्त पहिल्या परिच्छेदात होता. संपादकांना केशतेलाच्या जाहिरातीसाठी जागा हवी होती, त्यांनी नेमका तोच काढला. त्यामुळे छापलेली कथा थेट सुरू होत होती: त्या साली मृग कोरडा गेला.

पुढे बुलढाण्याला एक परिसंवाद झाला. अध्यक्षांचा परिचय तीनदा करून देण्यात आला, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच करून दिला. मग खांद्यावरची शाल सावरत ते म्हणाले, "मराठी वैज्ञानिक कथेनं आता बैलगाडीतून उतरावं आणि अग्निबाणात बसावं." टाळ्या झाल्या. रोख माझ्यावर होता. माझ्या कथेत काचा टेकडीवर जातात त्या बैलगाडीतून, कडब्यात गुंडाळून. लिहिताना मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. काच फुटू नये तर खाली कडबा हवा, आणि कडबा म्हटला की गाडी आपोआप डोळ्यांपुढे येते. पण टाळ्यांमध्ये मोठी ताकद असते. कथासंग्रह निघायचा होता. घरी येऊन मी बैलगाड्या खोडल्या आणि त्यांच्या जागी उडते तराफे घालायला बसलो. ते कशाच्या जोरावर उडतात, हे ठरायचं बाकी होतं.

अशात एका रविवारी सकाळी भाऊजी दारात उभे. उंद्रीहून घाट उतरून बैलजोडी पायी आणली होती.

"बाजारात उभी करतो," ते पाणी पिऊन म्हणाले. "आता भाव तरी येईन. पुढच्या साली चारा कुठून आणू? तुम्हीच लिहिलं ना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्याचे दाणे ठेवतात आणि सकाळी दाणे कसे हलले ते पाहून सालाचं पाऊसपाणी सांगतात. ते ऐकून पेरणी ठरवणारी माणसं काही वेडी नसतात. भाऊजींनी माझी कथा त्या घटाशेजारी नेऊन बसवली होती.

"भाऊजी, ती गोष्ट आहे. मी मनानं रचलेली."

"म्हंजे खोटी?"

"खोटी नाही."

"मंग खरी?"

"तशी खरीही नाही."

"मास्तर, घट मांडणारे निदान दाणे तरी ठेवतात. तुम्ही काय ठेवता?"

हा मुद्दा परिसंवादात निघाला नव्हता. मी शंभर वर्षांचं सांगितलं, गळलेल्या परिच्छेदाचं सांगितलं.

"काऊन काढला?"

"तेलाची जाहिरात आली."

"शंभर वर्सं तेलापायी गेले?" त्यांनी मान हलवली. "इहीर आमची, चिंच आमची, तो कंजूस पाटील तं आमचा शेजारीच. मंग साल तेवढं दुसरं काऊन?"

ज्याला मी भविष्यकाळ समजत होतो तो चार ओळींचा होता. तो काढला तर मागे उंद्री उरत होती. आणि वाचणाऱ्यानं विश्वास ठेवला होता तो त्या उंद्रीवर. यंत्रं कितीही नवी आणा, वाचक आधी विहीर ओळखीची आहे का ते पाहतो आणि मग तुमच्या काचेवर भरवसा टाकतो. लेखकानं यावर खूश व्हायला हवं. पण बाहेर बैल उभे होते.

"ताई काय म्हणते?"

"बोलून नाही राह्यली. लहाना वासरू होता तवापासून तिच्या हातचा हाय. निघतानी त्याच्या पाठीवरून हात फिरवला अन् घरात गेली. माह्याकडं पाह्यलंबी नाही."

शास्त्र, तर्क, हवामान सगळं वापरून झालं होतं. मग मी विचारलं, "कथा पूर्ण पटली तुम्हाला?"

"हाव. दोनदा वाचली."

"तिसऱ्या साली काचा टेकडीवर कशातून नेल्या?"

"बंडीतून. कडबा घालून."

"ती गाडी ओढली कोणी?"

त्यांनी बाहेर पाहिलं. धाकटा बैल कडुनिंबाला मान घासत होता.

"म्हंजे कोणीतरी बैल इकले नसतीन," ते सावकाश म्हणाले. "कोण व्हता तो?"

"लिहिलेलं नाही."

"तुम्हाले तं मालूम असंन."

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"बैल नसते तं काचा खालीच राह्यत्या. सारं गाव गेलं असतं." ते उठले, पागोटं सारखं केलं. "मंग ते आमचेच असतीन."

त्यांना खरोखर पटलं, की अबोला धरलेल्या बायकोकडे परत जायला एक बरं कारण मिळालं, हे मी आजही सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते जोडी घेऊन घाट चढले. मी तराफे खोडले आणि गाड्या पुन्हा लिहिल्या. त्या कशाच्या जोरावर चालतात हे ठरवावं लागलं नाही.

पुढच्या साली मृग वेळेवर बरसला. दिवाळीला उंद्रीला गेलो तेव्हा भाऊजी चार माणसांत म्हणाले, "साल चुकलं मास्तरचं. बैल बरोबर व्हते."

बहिणीनं मात्र ताट वाढताना हळूच सांगितलं, "भाऊ, पुढच्या गोष्टीत एक गाय घालजो. हे आता तिच्यासाठी गिऱ्हाईक पाहून राह्यले."