तारप्याला पाठ दाखवायची नाही

नाशिकहून डहाणूच्या एसटीत बसले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅटऱ्या, एक शिट्टी, मोठी ताडपत्री, ताईच्या रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या, प्राणायामाचा हाताने काढलेला तक्ता आणि चार चटया होत्या. सगळं वहीत टिपून, खूण करून घेतलेलं. वहीतली शेवटची ओळ मात्र सामानाची नव्हती. तिथे लिहिलं होतं : ताईला घेऊन येणे.

मंगलताई माझी थोरली बहीण. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून तेविसाव्या वर्षी घरातून निघाली, ती डहाणू-तलासरीच्या भागातच राहिली. लग्न केलं नाही. गेली बारा वर्षं ती तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर (पाडा म्हणजे विखुरलेली छोटी वस्ती) शिकवते आणि तिथेच दोन खोल्यांत राहते. २०१८च्या नोव्हेंबरपासून तिथे जमीन हादरत होती. आता फेब्रुवारी चालू होता आणि लोक अजून उघड्यावर झोपत होते. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झालीत, मुलगा बंगळुरूला असतो. ताई आणि मी एका छपराखाली राहिलो त्याला तीस वर्षं झाली. तिनं स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि कायमचं माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. भूकंपानं मला ते मागायला कारण दिलं, हेही खरं आहे.

जव्हारच्या घाटात शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं उतरणार?"

"डहाणू. पुढं तलासरीकडे."

"अगं बाई! तिकडचे लोक इकडं यायला बघतायत, आणि तुम्ही तिकडं?" असं म्हणून त्यांनी मला दोन बोरं दिली. निरोप द्यावा तशी.

डहाणूला ताई स्टॅंडवर उभी होती. पंचायत समितीत तिचं काम होतं म्हणून आली होती. मी आधी तिची तब्येत पाहिली : तीन-चार किलो कमी, डोळ्यांखाली काळं. आम्ही समुद्रावर जाऊन बसलो. ओहोटी लागली होती. पाणी इतकं आत गेलेलं की काळ्या खडकांच्या पलीकडे नुसती चमक दिसत होती. मागे सुरूची झाडं, त्यामागे चिकूच्या वाड्या. ताईनं पिशवीतून चिकू काढले आणि नखानंच सोलून मला दिले, लहानपणी द्यायची तसे. मी लगेच विषय काढणार होते, पण तोंडात चिकू होता.

तलासरीची बस हायवेला लागल्यावर रस्त्याकडेला उंबाडियुंच्या टपऱ्या दिसू लागल्या. (पापडी, रताळी, कंद मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून भाजतात, गुजरातकडचा पदार्थ.) आम्ही पाड्याच्या फाट्यावर उतरून पाव किलो घेतलं. टपरीवाला ताईच्या ओळखीचा निघाला. "बाई, काल किती आले?" त्यानं विचारलं. "दोन मोठे," ताई म्हणाली. भाव विचारावा आणि सांगावा, तसं ते धक्क्यांचं चाललं होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ताईच्या भिंतीला कोपऱ्यातून खाली एक भेग गेलेली होती. बाहेर आंब्याखाली तिची खाट, वर निळं प्लास्टिक, बाजूला तीन दगडांची चूल. सगळ्याच घरांपुढे असं होतं. काहींना सरकारी तंबू मिळाले होते.

"आत अजिबात जात नाहीस?"

"जाते की. कपडे घ्यायला. दार उघडं ठेवून."

"अंघोळ?"

"पटकन."

मी चहा ठेवत होते तेव्हा पहिला धक्का आला. धक्क्याआधी आवाज येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीच्या पोटात सुरुंग उडावा तसा धडाम आवाज, मग पायाखालून काहीतरी सरकून जातं. पातेल्यातला चहा उसळला. कोंबड्या, कुत्री, माणसं एकदम गप्प झाली, आणि मग एकदम बोलू लागली. ताई खाटेवर ताठ बसली होती, दोन्ही हातांनी काठ धरून. "हा लहान होता," ती म्हणाली. पण हात सुटले नाहीत.

त्या क्षणी मी म्हटलं, "ताई, या वेळी चलच. कायमची."

"बघू," ती म्हणाली.

रोज चारच्या सुमारास पाड्यावरच्या बायका शाळेच्या मैदानात जमतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. भीतीनं हातपाय गळाल्यासारखे होतात, छातीत धडधडतं, झोप नाही, म्हणून ताईनंच त्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली होती. नाशिकला मी सोसायटीत प्राणायामाचा वर्ग घेते. ताई म्हणाली, "आज तू घे." माझी तयारी होतीच. तक्ता मैदानातल्या झाडाला टांगला, माझ्या आणि शाळेतल्या चटया घातल्या, तीस-एक बायकांना रांगेत बसवलं. पाठ ताठ, डोळे मिटा, श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.

मैदान शांत झालं. मला बरं वाटलं. मिनिटभरानं पाहिलं तर एकेक डोळा उघडत होता. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर खडीच्या ट्रकचा फाळका आपटला आणि अख्खी रांग उठून पळाली. एका बाईचा पाय चटईत अडकून ती पडली, ढोपर फुटलं. मी तिचं ढोपर धुऊन पट्टी बांधली आणि मान वर करायची मला लाज वाटली.

लखमीआजी म्हणून पाड्यावरच्या सगळ्यात वयस्कर बाई. त्या माझ्याजवळ बसल्या. "बाय, डोळे मिटले का जास्तीच ऐकू येतं. गप बसून आम्ही त्याचीच वाट बघतो ना. डोळे उघडे असले म्हणजे निदान कोंबड्या तरी दिसतात."

ज्या बाईचं ढोपर फुटलं होतं ती जयवंती, ताईची शेजारीण. ती हसली. "नाशिकची जमीन शहाणी असेल, तिथं चालत असेल हे."

"मग तुम्हाला कशानं बरं वाटतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "तारपा या साली वाजलाच नाही."

तारपा म्हणजे सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं हातभर लांबीहून मोठं फुंकवाद्य. नवं भात घरात आलं की तो वाजतो आणि त्याच्याभोवती नाच होतो. भात आलं त्याच सुमाराला हादरे सुरू झाले. जमीन आधीच जागी झालीय, तिच्यावर पाय आपटून तिला आणखी कशाला डिवचायचं, असं कुणीतरी म्हटलं, आणि सगळ्यांनी ते ऐकलं. पाड्यावरचा तारपेवाला मुलाकडे सुरतेला निघून गेला होता. दुसरा होता तो सायवनला, जयवंतीचा मामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई, जयवंती आणि मी जीपनं सायवनकडे निघालो. कापणी झालेली खाचरं, मधे पळसाला फुलं. ताई खिडकीशी होती आणि वाटेतल्या प्रत्येक पाड्यावर तिला कुणीतरी हाक मारत होतं. "मंगलबाय, नांग (बघ), तुमचा रम्या आता ड्रायव्हर झाला!" तो रम्या आमचीच जीप चालवत होता. ताईनं त्याला तिथेच सतराचा पाढा म्हणायला लावला. त्यानं सतरा पाचे एकोणनव्वद केले आणि अख्खी जीप हसली. ताईला असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होते, ते मोजायला बसले आणि सोडून दिलं.

देवजीमामा अंगणात टोपली विणत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग मान हलवली. "त्याचे दिवस सरले."

"मामा, या साली आलेच कुठं दिवस?" जयवंती म्हणाली. "भात आलं, पण नाच झाला नाही. देवाचं राहिलंच आहे की."

मामांनी टोपली बाजूला ठेवली. मग आत जाऊन त्यांनी तांदळाचे दाणे मांडून देवाचा कौल पाहिला. आम्ही बाहेर थांबलो. परत आले ते तारपा घेऊनच. मी वही उघडलेली पाहून म्हणाले, "ही बाय लिहिते काय? लिही. तारप्याला पाठ दाखवायची नाही. बस, एवढंच आहे."

त्या दिवशी चार वाजता मैदानात चटया नव्हत्या. मामा मधोमध उभे राहिले. दोन बांबूंतून दोन सूर निघाले आणि ते तुटलेच नाहीत. मी त्यांच्या गालांकडे पाहत होते : गाल फुगलेले, नाकानं हवा आत, तोंडानं बाहेर, मधे खंड नाही. इतकी वर्षं मी श्वास मोजते; असा श्वास मी पाहिला नव्हता.

आधी सहा-सात जणच उतरले. हळूहळू साखळी लांबली. प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेभोवती, तोंड तारप्याकडे. माझ्या उजव्या बाजूला जयवंती, पट्टीसकट, डाव्या बाजूला ताई. मी ओठांत पावलं मोजत होते. जयवंती ओरडली, "मोजू नको बाय! धरून ठेव नुसती!"

मी ताईची कंबर धरली होती. साडीतून कळत होतं, ती आतून कापत होती. बारीक, सतत, ताप भरावा तशी. गेले तीन महिने ती अशी कापत असणार आणि फोनवर मला "बरी आहे" म्हणत असणार. मी हात घट्ट केला. पावलं जमिनीवर एकदम पडत होती, धूळ गुडघ्यापर्यंत उडत होती.

तो आवाज आला तेव्हा मामांनी सूर बदलला नाही. जमीन सरकली. साखळी एका बाजूला झुकली, आणि शेजारच्याच्या हातावर तोलून पुन्हा सरळ झाली. पळायचं तर तारप्याला पाठ करावी लागली असती. कुणी केली नाही. पुढचं पाऊल सगळ्यांचं एकदम पडलं.

नाच थांबल्यावर पलीकडच्या टोकाची एक मुलगी म्हणाली, "मधे आला होता का?"

"तुला कळला नाही?"

"मला वाटलं, आजीच जोरात नाचली!"

लखमीआजींनी तिला धपाटा घातला. ताई हसता हसता खाली बसली आणि तशीच रडू लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. दोन बायका तिला टेकून बसल्या, एकीनं तिची पाठ चोळली, आणि बाकीच्या भाकरीच्या पिठाचं बोलत राहिल्या. मीही थोड्या अंतरावर बसले. तिथे माझ्यासाठी जागा होती, पण ताईच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ताईला उन्हं तोंडावर येईपर्यंत जाग आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही झाईच्या किनाऱ्यावर गेलो. पलीकडे गुजरात, अलीकडे होड्या आणि वाळत घातलेले बोंबील. "बेन, बूमला (बोंबील) लेवा?" एका कोळणीनं विचारलं, मी भाव केला, ताईनं तो आणखी पाडला. मग आम्ही वाळूत बसलो आणि मी सरळ विचारलं, "येणार आहेस की नाही?"

"शालू, तुझ्याकडे जमीन हलणार नाही, हे मला माहीत आहे. पण माझं अंग वाट बघतच राहील. इथं आवाज आला की तीस जण एकदम दचकतात. तिथं मी एकटीच दचकेन आणि तू मला पाणी आणून देशील."

"मी देईन की पाणी."

"देशील गं," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. "तुझ्यासारखं पाणी कुणी देत नाही."

माझ्याकडे सहा मुद्दे तयार होते, ते वहीतच राहिले.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. विक्रमगड गेलं, जव्हार गेलं, मोखाड्याला चहा घेतला. डावी बाजू सारखी गार वाटत होती, म्हणून शाल घेतली. थंडी काही नव्हती.

घरी येऊन नऊ दिवस झाल्यावर सकाळी सकाळी ताईचा फोन आला. रोज चार वाजता नाच होतो, मामा अजून तिथेच आहेत, असं सांगितलं. मग म्हणाली, "काल आत झोपले. दार लावून."

मी विचारलं, धक्के बंद झाले का? "छे, काल तीन आले." भेगेपासून खाट लांब ठेवलीस ना? ठेवली. उशाशी बॅटरी? आहे. जयवंती सोबत होती का? "नाही गं, एकटीच होते. उठले, आवाज ऐकला, कूस बदलली."

ताई घरी गेली होती. मला तिला घरी न्यायचं होतं आणि ती गेली होती, त्या दोन खोल्यांत, भेग पडलेल्या भिंतीशी. फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता, आणि ती इतकी हवी होती, की दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी हलले नाही.